उल्हासनगर : निर्वासित छावणीतील निवासप्रश्न

ठाणे जिल्ह्यात कल्याणच्या आग्नेयेस, उल्हास नदीच्या आसमंतात, फाळणीनंतर सिंधमधून विस्थापित झालेल्या सिंधी समाजाने वसविलेले शहर. दुसऱ्या महायुद्धात येथे ‘कल्याण कॅम्प’ नावाची लष्करी छावणी होती. युद्ध संपून ती ओस पडली असता, कराचीहून बोटींनी मुंबई बंदरात उतरणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांची रवानगी सरकारने येथील बराकींत केली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून ‘उल्हासनगर’ हे नाव रूढ झाले. शहराचे पाच कॅम्प असून, पत्ता सांगताना रस्त्यापेक्षा कॅम्प, बराक व खोली यांचे क्रमांक सांगण्याची रीत अद्याप टिकून आहे.

बराक ही शिपायांच्या तात्पुरत्या मुक्कामाची इमारत. मध्ये एक लांबरुंद दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी तिची सर्वसाधारण रचना असे. ज्यांनी सिंधमध्ये वाडे व दुकाने मागे सोडली होती, त्या कुटुंबांनी या दालनांत गोणपाटाचे किंवा जुन्या साड्यांचे आडपडदे बांधून संसार मांडले. पडद्यापलीकडचे खोकणे आणि तान्ह्या मुलाचे रडणे अलीकडे ऐकू येई. पुढे पडद्यांच्या जागी भिंती आल्या. तरीही आपली भाषा, आपले टिकाणे (सिंधी प्रार्थनास्थळे) आणि आपला बाजार एकत्र राहावा, या निर्धाराने हा समाज येथेच स्थिरावला, ही गोष्ट या शहराच्या घडणीत शासकीय हुकमांहून अधिक निर्णायक मानली पाहिजे.

जागेच्या हक्काचा प्रश्न १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियमाने हाती घेतला. पाकिस्तानात राहिलेल्या मिळकतीबद्दल ज्यांचे दावे तपासणीअंती मंजूर झाले, त्यांच्या भरपाईतून खोलीची किंमत वळती करून घेतली जाई. दावा नसलेल्यांना ती हप्त्याने फेडावी लागे. मालकीचा दाखला म्हणून मिळणाऱ्या कागदास येथे ‘सनद’ म्हणतात, आणि आजही शहरातील बहुतेक मिळकतींचे वाद अखेरीस सनदेवर येऊन ठेपतात. येथील तंट्यांचे मूळ बहुधा खोलीत नसून खोलीबाहेरच्या मोकळ्या जागेत आहे. बराकींमध्ये लष्कराने सोडलेले विस्तीर्ण अंतर कोणाचे, याचा निर्णय वेळेवर न झाल्याने कोणी पडवी काढली, कोणी दुकान थाटले, आणि वाढत्या कुटुंबाची अडचण व धंद्याची निकड एकमेकींत इतकी मिसळली की गरज कोठे संपते व अतिक्रमण कोठे सुरू होते, हे ठरविणे महसुली अधिकाऱ्यांनाही दुष्कर झाले.

आडवा विस्तार खुंटल्यावर शहर उभे वाढले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बराकींच्या जागी बहुमजली इमारती उठल्या. त्यांपैकी अनेक विनापरवाना होत्या व काहींत निकृष्ट रेती वापरली गेली. जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ अनधिकृत इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. हजारो कुटुंबे उघड्यावर येण्याची वेळ आली, तेव्हा राज्य शासनाने २००६ मध्ये केवळ उल्हासनगरपुरता नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याचा लाभ फारच थोड्या इमारतींना मिळाला. एका शहरासाठी वेगळा कायदा करावा लागणे, हे प्रशासनाच्या दीर्घ दुर्लक्षाचे द्योतक होय.

मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब पाठोपाठ कोसळले. नेहरू चौकाजवळील ‘साईशक्ती’मध्ये सात जण मृत्युमुखी पडले. अशा इमारतींची पुनर्बांधणी अडते ती पुन्हा कागदापाशी : सदनिका रहिवाशाची असली, तरी तिच्याखालची जमीन बहुधा मूळ सनदधारकाच्या किंवा विकसकाच्या नावावर राहिलेली असते. ज्यांना ऐपत आहे ते अंबरनाथ व बदलापूरकडे सरकले, आणि त्या दोन्ही गावांच्या वाढीत या स्थलांतराचाही वाटा आहे. ज्यांना ती नाही, ते महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस हातात असूनही त्याच घरात राहतात.