डिस्ट्रेस थर्मामीटर

कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या मनावर किती ताण आहे, हे चटकन समजून घेण्याचे एकपानी साधन. कागदावर तापमापीचे चित्र असते. तळाशी ० म्हणजे त्रास नाही, माथ्यावर १० म्हणजे पराकोटीचा त्रास. आजचा दिवस धरून गेला आठवडा कसा गेला, त्या आकड्यावर रुग्णाने खूण करायची.

न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड (१९२८–२०१७) आणि सहकाऱ्यांनी हे साधन घडवले. प्रॉस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील त्याची पहिली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘मनोविकार’ म्हटले की माणूस मिटतो, म्हणून ‘डिस्ट्रेस’ हा साधा शब्द मुद्दाम निवडला गेला. आपल्याकडे ‘टेन्शन’ हा शब्द तेच काम करतो. ते आहे असे सांगायला कुणी लाजत नाही.

४ किंवा त्याहून वरची खूण असली की पुढची चौकशी करतात. मात्र कागदाचा खरा उपयोग आकड्यापेक्षा शेजारच्या यादीत आहे. तिच्यात भीती, खिन्नता, झोप, श्रद्धा यांबरोबर पैसा, प्रवास, राहण्याची सोय, मुलांची देखभाल हेही असते. समजा, मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात गावाकडून आलेल्या बाईंनी ७ वर खूण केली आणि यादीत फक्त राहण्याच्या सोयीपुढे खूण केली. तर त्यांना आधी गोळी नव्हे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा हवी. समाजसेवा विभागाचे हे काम मानसोपचाराइतकेच मोलाचे असते.

खूण भीतीवर किंवा उदासीवर असेल तर समुपदेशन, शिथिलीकरण, आधारगट आणि गरजेनुसार औषधे. औषध निवडताना जपावे लागते: स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे शक्यतो टाळतात, त्यांच्यामुळे टॅमॉक्सिफेनचे शरीरातले सक्रिय रूप कमी तयार होते. झोप उडाली असेल तर केमोबरोबर दिलेले डेक्सामेथासोनही कारण असू शकते. डॉक्टर ते सकाळी घ्यायला सांगतात. ‘पॉझिटिव्ह राहा’ या सततच्या आग्रहाचा रुग्णावर जुलूमच होतो, असे हॉलंड यांचे मत होते.

अडचण येते ती कागद कुणाच्या हाती पडतो इथे. बाबांना ‘साधी गाठ आहे’ एवढेच सांगितलेले असते, आणि पेन घेऊन मुलगाच म्हणतो, “द्या, मी भरतो.” मग खूण होते ती मुलाच्या त्रासाची.