सेल्फ मारला आणि इलेक्ट्रिक गाडी बंद पडली

परवा पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. नंबर आला, "झिरो बघा" झालं, दोनशेचं टाकलं आणि निघालो. फार तर तीन मिनिटं. मागे बसलेला मित्र म्हणाला, "माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला पन्नास वर्षं उलटली, आणि आपण अजून हेच जाळतोय? इलेक्ट्रिक गाडी काढायचं आधी कुणाला सुचलं नाही का रे?"

सुचलं होतं की! नुसतं सुचलं नव्हतं, गाड्या धावत होत्या. ताशी १०० किलोमीटरचा वेग पार करणारी रस्त्यावरची पहिली गाडी बॅटरीवर चालणारी होती. साल १८९९, जागा पॅरिसजवळची, चालवणारा कामील जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस. गाडीचं फ्रेंच नाव होतं 'ला जमे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान न होणारी'. आणि १९०० साली अमेरिकेत ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यात वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. पेट्रोल तिसऱ्या नंबरवर होतं!

न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून इलेक्ट्रिक टॅक्सी होत्या. बॅटरी उतरली की टॅक्सी डेपोत यायची, यंत्रानं जुनी बॅटरी बाहेर ओढायची, भरलेली आत सरकवायची आणि परत रस्त्यावर. आज आपण ज्याला बॅटरी स्वॅपिंग म्हणतो ना, तेच.

पेट्रोलच्या गाडीची मात्र तेव्हा फार कटकट होती. आवाज, धूर, वास, गिअर बदलताना झटापट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती चालू करणं. शेतावरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून चालू करताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. गाडीचंही तसंच. पुढे जाऊन लोखंडी हँडल जोर लावून फिरवायचं. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट किंवा हात मोडायचा. म्हणून शहरातली पैसेवाली मंडळी, विशेषतः बायका, इलेक्ट्रिक गाडी घ्यायच्या. बटन दाबा, निघा. हेन्री फोर्ड, ज्यानं पेट्रोलची गाडी घराघरात नेली, त्याची स्वतःची बायको क्लारा १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. ती गाडी आजही डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या म्युझियममध्ये उभी आहे.

मग हरली कशी?

एक कारण तर सरळ आहे, ते वजनाचं. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलंच युनिट. आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीच्या एक किलोत पाव युनिटच्या आसपास. तेव्हाच्या शिशाच्या बॅटरीत तर त्याच्याही कितीतरी कमी. पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं आणि मोटर फारशी घालवत नाही, हे धरलं तरी पेट्रोल आजही दहा-पंधरा पट पुढे राहतं. हे गणित कुणाच्या कटकारस्थानानं आलेलं नाही, हे आधी कबूल करायला हवं.

दुसरं कारण गावांचं. वीज शहरात होती. अमेरिकेतल्या शेतवस्त्यांवर १९३० च्या दशकातसुद्धा दहातल्या एखाद्याच घरी वीज होती. पेट्रोल मात्र डब्यात भरून घोडागाडीवरून कुठेही नेता यायचं. सुरुवातीला पंप नव्हतेच. १८८८ मध्ये बर्था बेंझ जर्मनीत नवऱ्याची गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघाली, तेव्हा तिनं इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं होतं! तेल कंपन्यांचा खरा धंदा होता दिव्यांच्या रॉकेलचा. पेट्रोल म्हणजे ते काढताना उरणारा, नको असलेला भाग. पण विजेचा बल्ब आला, रॉकेलच्या धंद्याला धोका दिसायला लागला. त्यात १९०१ साली टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपला तेलाचा प्रचंड झरा लागला. म्हणजे बघा, विजेनंच तेलवाल्यांना दुसरं गिऱ्हाईक शोधायला लावलं, आणि ते गिऱ्हाईक मोटार निघालं.

१९०८ ला फोर्डची मॉडेल टी आली, पुढे वर्षागणिक स्वस्त होत गेली. १९१२ च्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळायची आणि इलेक्ट्रिक १,७५० ला. तरीही ते हँडल होतंच. इलेक्ट्रिक गाडीचा शेवटचा मोठा फायदा.

तो फायदा घालवला चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं. हा आधी दुकानातला गल्ला मोजणाऱ्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत होता. मशीनचा ड्रॉवर उघडायला त्यानं एक छोटी मोटर बसवली होती. क्षणभर खूप जोर लावायचा आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. तीच कल्पना त्यानं गाडीत आणली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला. इलेक्ट्रिक गाडीला ज्यानं मारलं ती एक छोटी इलेक्ट्रिक मोटर आणि एक बॅटरी होती. आपण ॲक्टिव्हाचं बटन दाबतो, ते याच केटरिंगच्या घराण्यातलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण केटरिंग पुढे जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख झाला. इंजिनची ताकद वाढवायला गेलं की ते खटखट करायचं, मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते. त्यावर उपाय हवा होता. एक उपाय त्याच्या टीमला माहीत होता, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचं. धान्यापासून, मळीपासून कुणीही बनवू शकतं असं. आणि तिथेच अडचण होती. कुणीही बनवू शकतं म्हणजे पेटंट कशाचं घेणार? आणि टाकीतला बराच मोठा हिस्सा तेल कंपन्यांच्या हातातून जाणार.

१९२१ च्या डिसेंबरात त्याचा सहकारी थॉमस मिजली याला दुसरा उपाय सापडला, टेट्राएथिल लेड. शिसं! गॅलनमागे काही थेंब पुरायचे. शिसं विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. म्हणून विकताना नाव ठेवलं नुसतं 'एथिल'. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीनं पत्रकारांना बोलावून त्या द्रवानं हात धुऊन दाखवले, वास घेऊन दाखवला. स्वतः आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेवर उपचार घेतलेला माणूस! माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग. सेल्फ स्टार्टर ही हुशारी होती. ही निवड धंद्याची होती, आणि तिची किंमत जगभरच्या मुलांनी श्वासातून मोजली.

भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. जगातून ते संपलं २०२१ मध्ये, अल्जीरियात.

मग मित्राला काय सांगितलं? सांगितलं, की आपण तीन मिनिटांत पंपावरून निघतो, त्या तीन मिनिटांच्या मागे शंभर वर्षं आहेत. विहिरी, पाइपलाइन, रिफायनरी, टँकर, देशभरातले लाखाच्या घरातले पंप, गल्लीतला मेकॅनिक, सरकारला मिळणारा कर. नवीन गाडीची स्पर्धा इंजिनाशी कमी आणि या पसाऱ्याशी जास्त आहे. १९१२ ला तो पसारा लहान होता, पारडं इकडचं तिकडं होऊ शकत होतं. आता बॅटरी सुधारली, मोटर तर आधीपासूनच चांगली होती, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग लावू द्यायचा की नाही यावर अजून मीटिंगा चालल्यात.

त्यानं विचारलं, "आणि ते अल्कोहोल?"

ते आत्ताच टाकीत भरलंय, म्हटलं. वीस टक्के. कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाचंही असेल त्यात.