कामण परिसरातील धावमार्ग

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील कामण या गावाभोवती, उत्तरेकडील तुंगारेश्वराची डोंगररांग आणि दक्षिणेकडील वसईची खाडी यांच्या दरम्यान पसरलेल्या, दीर्घ पल्ल्याच्या व डोंगरी धावण्यास उपयुक्त अशा वनवाटा, गाडीरस्ते आणि खाडीकाठच्या पायवाटा यांचा समुच्चय. यांपैकी एकही वाट धावण्याच्या हेतूने आखलेली नाही. जळण, गुरचराई, देवदर्शन, दुर्गाची राखण आणि बंदराची रहदारी अशा निरनिराळ्या गरजांतून त्या पिढ्यान्‌पिढ्या पडत गेल्या, आणि म्हणून प्रत्येक मार्गाचे वळण, चढ व शेवट हे त्या मूळ कामानेच ठरविलेले आहेत.

स्थान व भूरचना : मुंबई–अहमदाबाद महामार्गावरून चिंचोटी येथे भिवंडीकडे जी सडक फुटते, तिच्यावर कामण वसलेले असून, वसई रोड–दिवा या लोहमार्गावर जूचंद्र व खारबाव यांच्या दरम्यान ‘कामण रोड’ हे स्थानक आहे. भूप्रदेश दख्खनच्या काळ्या बेसाल्ट पाषाणाचा आहे. गाव समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. पण त्याच्या पाठीशी असलेला कामणदुर्ग आणि तुंगारेश्वराचा माथा हे दोन्ही साडेसहाशे मीटरांच्या आसपास उंची गाठतात. परिणामी येथील चढाला पठाराचा आधार नसतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा धावणारा निम्मी उंची एस. टी. ने चढून आलेला असतो, तर कामणहून निघणाऱ्यास जवळजवळ सारी उंची, खाजणाच्या पातळीपासून कड्यापर्यंत, स्वतःच्या पायांनीच मिळवावी लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : 1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेला आणि 1737 ते 1739 या वर्षांतील मोहिमेत चिमाजी आप्पांच्या सैन्याने साष्टी व वसई हस्तगत करून तो अंमल संपुष्टात आणला. या प्रांतात जो खाडी राखी तो मुलूख राखी. आणि खाडीवर दूरवर नजर ठेवण्यास कामणदुर्गासारखे स्थान दुसरे नाही. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत आणि ती ज्या शिबंदीसाठी खोदली तिच्या जाण्यायेण्याची वाट हाच आजच्या मार्गाचा पाया होय.

कामणदुर्ग मार्ग : सर्वांत कठीण आणि सर्वांत निर्जन. भिवंडी सडकेवरील देवकुंडीच्या बाजूने किंवा कामणच्या पाड्यांवरून निघून, भाताची खाचरे ओलांडून, वाट रानात शिरते. प्रथम गुरांच्या खुरांनी रुंदावलेली माती, मग सुटी खडी व मुरूम आणि शेवटी सोंडेवरचा उघडा कातळ असा तिचा क्रम आहे. ‘धावमार्ग’ ही संज्ञा येथे सैल अर्थाने घ्यावयाची, कारण वरचा टप्पा निष्णात धावपटूही चालतच चढतो. उतरताना खरी कसोटी लागते ती शिशिरात. साग त्या दिवसांत पाने टाकू लागतो. सुपाएवढी वाळलेली पाने वाटेवर एकावर एक पडून खालचे धोंडे झाकून टाकतात, त्यामुळे पाऊल दगडावर पडणार की पोकळीत, हे पानांचा आवाज होईपर्यंत कळत नाही. रानात गुरवाटांचे फाटे पुष्कळ असल्याने पाड्यावरचा माहीतगार सोबत घेणे हा येथील जुना व शहाणपणाचा रिवाज आहे. माथ्यावरून पश्चिमेस व दक्षिणेस वसईची खाडी आणि सभोवार वनाच्छादित डोंगर असा विस्तीर्ण देखावा दिसतो.

तुंगारेश्वर मार्ग : महामार्गावरील सातिवलीच्या बाजूने अभयारण्याच्या नाक्यातून आत जाणारा हा मार्ग परिसरात सर्वाधिक रुळलेला आहे. नाक्यापासून तुंगारेश्वराच्या शिवमंदिरापर्यंतचा पल्ला लहान व चढ सौम्य असून, पुढे परशुराम कुंडाच्या दिशेने तो वळणावळणांनी चढत जातो. गाडीरस्ता असल्याने वाट चुकण्याचे भय नाही. मात्र ओढा अनेकदा आडवा येतो, आणि पावसाळ्याच्या आगेमागे प्रत्येक ओलांडणीच्या ठिकाणी शेवाळलेल्या धोंड्यांवर गती मोडून पाऊल तोलावे लागते. अशा मोडतोडीमुळे येथील वेळेची सपाट रस्त्यावरील वेळेशी तुलना करणे निरर्थक ठरते. श्रावणातील सोमवार व महाशिवरात्र या दिवशी भाविकांची रीघ लागते. त्या दिवशी वाट देवाची असते आणि धावणाऱ्याने ती सोडावी, हे उचित.

चिंचोटी मार्ग : चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणारी पायवाट लांबीने थोडी व छायेने समृद्ध आहे. ऐन, कुडा, पळस, करवंदीच्या जाळ्या आणि बांबूची बेटे यांमधून ती ओहळाच्या काठाने वर जाते. धबधब्याखालचा डोह मात्र घातक आहे. पावसाळ्यात येथे वारंवार माणसे बुडाल्यामुळे प्रशासन त्या काळात मनाई हुकूम जारी करते आणि धबधब्याकडे जाणाऱ्या वाटांवर पोलीस बंदोबस्त असतो. पाऊस डोंगरावर पडतो व पूर खाली येतो. खाली लख्ख ऊन असतानाही ओहळाचे पाणी काही मिनिटांत चढू शकते. म्हणून हा मार्ग हिवाळ्याचाच मानावा.

ससूपाडा–नागला मार्ग : कामणच्या नैऋत्येस, महामार्गावरील ससूपाड्यापासून खाडीच्या दिशेने जाणारी ही वाट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला विभागात येते. येथे चढ अल्प आहे. मिश्र पानझडी वनातून निघालेला धावणारा थोड्याच अवकाशात तिवरांच्या राईशी पोहोचतो आणि रानाचा कोरडा पालापाचोळा सुटून पायाखाली खाडीचा गाळ येतो. ओहोटीला किनारा उघडा पडतो, भरतीला वाटेचा सखल भाग ओला होतो. तेव्हा या मार्गावर घड्याळाइतकेच तिथीचेही भान ठेवावे लागते. डोंगर, अरण्य व खारे पाणी यांचे असे सान्निध्य मुंबईच्या इतक्या निकट अन्यत्र क्वचितच आढळते.

सडकेचा मार्ग : चिंचोटी–कामण–भिवंडी सडक सपाट व सलग असली तरी भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची तीवर अहोरात्र वर्दळ असते. धूळ, खड्डे आणि कडेला पायरस्त्याचा अभाव यांमुळे ती धावण्यास अयोग्य ठरते. केवळ एका वाटेवरून दुसरीकडे जाण्यापुरताच तिचा उपयोग करावा. गावागावांना जोडणारे आतले रस्ते पहाटे मोकळे असतात. पोलीस भरतीत पुरुषांस 1600 मीटर व स्त्रियांस 800 मीटर, तर वनरक्षक भरतीत अनुक्रमे 5 व 3 किलोमीटर धावावे लागते. त्यामुळे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहाटे अशा रस्त्यांवर दिसणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांना छंदापेक्षा नोकरीचीच ओढ अधिक असते.

ऋतुमान : येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. भाद्रपद–आश्विनात गवत कमरेपर्यंत वाढून वाट व साप दोन्ही झाकते. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वोत्तम. मार्चपासून समुद्री दमटपणा व उष्मा एकत्र येतात, तेव्हा घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. उघड्या कातळावर मग सकाळी नऊनंतर थांबणे इष्ट नाही. पाणी सोबतच न्यावे, कारण हिवाळा सरता सरता बहुतेक ओहळ आटतात. या वनात बिबट्याचा वावर असल्याने झुंजूमुंजू होण्यापूर्वी किंवा तिन्हीसांजेस एकट्याने धावणे टाळावे.

कायदा व परवाना : तुंगारेश्वर अभयारण्य 2003 मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही. तेथे स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले रहिवासी आणि सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे वाटसरू यांसारखे मोजके अपवाद त्यास आहेत. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार या कारणांस्तव परवाना मिळू शकतो. धावण्याचे नाव या यादीत नाही. व्यवहारात धावणारा हा पर्यटकच गणला जातो व नाक्यावरील वेळ आणि शुल्क त्यास लागू होतात.

तौलनिक विचार : डोंगरी धावण्याचे माहेर समजल्या जाणाऱ्या स्वित्झर्लंडची स्थिती येथे उद्बोधक ठरते. तेथील सिएर ते झिनाल ही 31 किलोमीटरांची डोंगरी शर्यत 1974 पासून, तर युंगफ्राउ मॅरेथॉन 1993 पासून चालू आहे; परंतु या शर्यतींचे मूळ शर्यतींत नसून वाटांच्या व्यवस्थेत आहे. 1979 मध्ये जनमतकौलाने तेथे पादचारी व गिरिभ्रमणाच्या मार्गांना राज्यघटनेत स्थान मिळाले, 1985 मध्ये त्यासंबंधी संघराज्याचा कायदा झाला आणि आज सुमारे 65,000 किलोमीटरांचे असे मार्ग पिवळ्या पाट्यांनी दर्शविलेले आहेत. त्या पाट्यांवर पल्ल्याचे अंतर नव्हे, तर लागणारा वेळ लिहिलेला असतो. कामणच्या पाड्यावरील वृद्धास ‘दुर्ग किती लांब?’ असे विचारले असता तोही कोसांत वा किलोमीटरांत उत्तर देत नाही, ‘ऊन चढायच्या आत पोचाल’ असेच सांगतो. फरक इतकाच, की त्याचे उत्तर कोणी पाटीवर उतरवून घेतलेले नाही. स्विस विधी वाटेस हक्क देतो, आपला विधी माणसास परवाना देतो. वन्यजीवांच्या दृष्टीने दुसरी रीत अधिक सावध आहे, यात शंका नाही. पण तिच्यात वाट ही कोणाच्याच जबाबदारीची राहत नाही.

स्पर्धा व परंपरा : मराठी मुलखात दीर्घ पल्ल्याचे धावणे नवे नव्हे. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले होते, आणि ज्या चाचणी शर्यतींतून त्यांची निवड झाली त्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आश्रयाने भरल्या होत्या. अलीकडे साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटाने चढणाऱ्या अर्धमॅरेथॉनने 2012 पासून डोंगरी धावण्यास लोकप्रियता मिळवून दिली. वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या पुढाकाराने 2011 पासून महापौर मॅरेथॉन भरू लागली. परंतु तिचा मार्ग शहरी सडकांचा असून डोंगर तिच्या वाट्यास आलेला नाही. कामणच्या वाटांवर मोठी शर्यत भरविणे अभयारण्याच्या हिताचेही नव्हे. त्यांची खरी निकड वेगळी आहे : फाट्यांवर खुणा, ओढ्यांच्या ओलांडणीवर सूचना आणि ऋतुमानाप्रमाणे उघडझाप यांची नोंद वनखात्याच्या दफ्तरी व ग्रामपंचायतीच्या फलकावर व्हावी, आणि हे काम पाड्यावरच्या माहीतगारांकडून मोबदला देऊन करून घ्यावे. घरोघर गॅस पोहोचल्यावर मोळीसाठी रानात जाणारी पावले कमी होतात आणि न तुडविलेली वाट दोन पावसाळ्यांत झुडपांखाली जाते. तेव्हा वाट जाणणारी माणसे गावात आहेत तोवरच ही नोंद करून घेणे शक्य आहे.