फळांच्या टोपलीचा हिशेब

गणपतीच्या ध्यानश्लोकात कवठ आणि जांभूळ या दोन फळांची नावे येतात. आपल्या आरतीच्या ताटात मात्र केळी आणि सफरचंदे असतात. यात दोष कोणाचाच नाही. भाद्रपदात जांभूळ संपलेले असते आणि कवठ पिकलेले नसते. पण वर्षभराचा विचार केला तरी ही दोन्ही फळे आपल्या घरांतून जवळजवळ गेलीच आहेत. त्यांच्या जागी जी फळे आली त्यांतून शरीराला काय मिळते, हा प्रश्न आम्हा हैदराबादकरांना पडावा हे साहजिक आहे, कारण त्याचे उत्तर मोजणारी संस्था आपल्याच गावात, तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी आहे.

राष्ट्रीय पोषण संस्था मूळची इथली नव्हे. निलगिरीतल्या कुन्नूर येथे 1918 मध्ये डॉ. मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या संशोधनासाठी एक छोटी प्रयोगशाळा काढली, तिचाच हा वाढलेला संसार. पुढे डॉ. आयक्रॉइड तिचे संचालक झाले आणि 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांतील पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. आपण रोज खातो त्या डाळी, भाज्या आणि फळे पहिल्यांदाच इतक्या व्यवस्थित कोष्टकांत बसली. 1939-40 मध्ये हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली, तेव्हा औषध म्हणून दिला तो आवळा. संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली आणि 1971 मध्ये डॉ. गोपालन व सहकाऱ्यांचे कोष्टकांचे नवे पुस्तक प्रसिद्ध झाले. आहारशास्त्र शिकलेल्या आपल्या लेकीसुनांपैकी अनेकींना ते परिचयाचे असेल.

त्या पुस्तकातले क जीवनसत्त्वाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम, पेरूत 212, बोरात 76, पपईत 57, मोसंबीत 50, सीताफळात 37, केळ्यात 7 आणि सफरचंदात 1. (संस्थेच्या 2017 च्या नव्या कोष्टकांत आवळा 252 वर उतरला, पेरू मात्र 200 च्या वरच राहिला. फळाचे वाण, पक्वता आणि मोजण्याची रीत बदलली की आकडे हलतात. क्रम फारसा हलत नाही.) आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंद नेण्याची आपली पद्धत या यादीपुढे जरा ओशाळी होते.

जुन्या दख्खनी टोपलीत रानचा वाटा मोठा होता. कार्तिकात आवळीभोजन, संक्रांतीला बोरे आणि बोरन्हाण, उन्हाळ्यात करवंदे, मृगाच्या आगेमागे जांभळे. फळ खायचे ते सणाच्या आणि हंगामाच्या हिशेबाने, आणि बहुधा विकत न घेता. हे सारे पुरातन होते असे मात्र समजू नये. सीताफळ, पेरू आणि पपई ही मूळची अमेरिकेची झाडे. पोर्तुगीज आले त्या काळानंतर ती इकडे पसरली. पण इतकी रुळली की पेरूला इथली दखनी बोली ‘जाम’ म्हणते आणि सीताफळ तर बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर आपोआप उगवल्यासारखे वाढते. महबूबनगरच्या बाजूच्या बालानगरचे नाव तर सीताफळाच्या एका जातीलाच पडले आहे. या झाडाला पाणी देणारा कोणी नसतो, गुरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि पाऊस कमी झाला तरी थोडेफार फळ देते. कोरडवाहू मुलखात असे झाड म्हणजे गरिबाचा आधार.

1900 मध्ये मनमाडची मीटरगेज जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जोडली गेली. आपल्यापैकी अनेकांची घराणी याच वाटेने इकडे आली. निजामी काळातील बागांतून आणखी एक फळ नावारूपाला आले, ते म्हणजे ‘अनाब-ए-शाही’ द्राक्ष. स्वातंत्र्यानंतर हैदराबादच्या आसपास त्याचे मळे फुलले. पुढे शहर पसरले, जमिनी घरांखाली गेल्या आणि बाजार नाशिक-सांगलीच्या बिनबियांच्या द्राक्षांनी घेतला. चव उत्तम, पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत द्राक्ष सफरचंदाच्याच पंगतीतले.

आता अलीकडचा हिशेब. 1991-92 मध्ये देशात सुमारे 2.86 कोटी टन फळे पिकली. 2021-22 मध्ये हा आकडा 10.7 कोटी टनांच्या घरात गेला. लोकसंख्येने भागले तर माणशी रोज 90-95 ग्रॅमवरून 210 ग्रॅमच्या आसपास. सडणे, निर्यात आणि कारखाने वजा जातात. तरी वाढ खरी आहे आणि ती शेतकऱ्याच्या कष्टाची आहे. पण टोपलीतले प्रमाण बदलले. आंबा तीन दशांशांच्या आसपास होता, तो एक पंचमांशावर आला. ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक सिंचन यांच्या जोरावर केळे वजनाने जवळजवळ एक तृतीयांश झाले. केळे पोटभरीचे आणि बारमाही; पण पिकल्या आंब्यात जे कॅरोटीन भरपूर असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते केळ्यात नावापुरतेच. मुलांचे डोळे वाचवण्यासाठी दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याची देशव्यापी योजना 1970 मध्ये सुरू झाली, तिचा पाया तारनाक्याच्या याच संस्थेच्या संशोधनाने घातला होता. म्हणजे फळांचे वजन जवळजवळ पावणेचार पट झाले म्हणून पोषणही तितकेच वाढले, असे धरणे धाडसाचे.

समाधानाची गोष्ट एकच, पण ती मोठी आहे. पेरूचे उत्पादन याच तीस वर्षांत सुमारे 11 लाख टनांवरून 40 लाख टनांच्या पुढे गेले. संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. मध्यम आकाराच्या अर्ध्या पेरूत ते भागते. गणेशोत्सवाच्या दिवसांत मृग बहराचे नव्हे, तर पावसाळी पेरू बाजारात असतात. ते जरा पाणचट लागतात आणि कीडही त्यांना लवकर लागते. गोडीचा पेरू थंडीतच. सीताफळाच्या टोपल्या मात्र विसर्जनाच्या आगेमागे येऊ लागतात.