राजसत्तेविना धर्म : अमझेऱ्याच्या निमित्ताने

माळव्यातील धार शहराच्या पश्चिमेस, भिल्लांच्या डोंगरी मुलखाच्या उंबरठ्यावर अमझेरा हे गाव वसले आहे. रुक्मिणीहरण येथील देवीच्या देवळातून झाले, अशी गावची श्रद्धा आहे. आमच्या विदर्भातील कौंडिण्यपूर तोच मान स्वतःकडे घेते. अर्वाचीन इतिहासात हे गाव ओळखले जाते ते राजा बख्तावरसिंह राठोड यांच्यामुळे. १८५७ साली त्यांच्या माणसांनी भोपावरच्या इंग्रजी एजन्सीवर हल्ला केला. १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास राजास फाशी देण्यात आले आणि अमझेरा शिंद्यांच्या पदरात पडले. पुढे १९४८ साली हा मुलूख मध्यभारतात व १९५६ साली मध्य प्रदेशात सामील झाला. आज तेथे राज्य आहे ते संविधानाचे, आणि या राज्याला स्वतःचा असा कोणताही धर्म नाही.

अशा राज्यात, अमझेऱ्यासारख्या गावी, एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने आपली श्रद्धा कशी आचरावी? त्याचा धर्म राज्याचा नाही व बहुसंख्य शेजाऱ्यांचाही नाही. आणि आम्ही शेजाऱ्यांनी त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? हा प्रश्न देवस्थानांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आमच्या समाजाला परका वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

गोमंतकाशी नाते असलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्म म्हटला की प्रथम आठवते ती राजसत्ता. सोळाव्या शतकात साष्टी व तिसवाडीतील देवळे जमीनदोस्त झाली. १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायासन १८१२ पर्यंत टिकले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ही स्मृती जिवंत आहे आणि ती पुसून टाका असे सांगण्याचा कोणास अधिकार नाही. परंतु त्याच स्मृतीचा दुसरा अर्धा भाग आपण क्वचित सांगतो. ज्या अंत्रुज महालात आपले देव आले, तेथे त्या काळी अंमल विजापूरच्या आदिलशहाचा होता. परधर्मी राजाच्या मुलखात आपल्या देवांना जागा मिळाली. राज्य आपले नाही, राजा आपल्या धर्माचा नाही, तरी देवापुढची समई तेवत ठेवायची, हा अनुभव आपल्या पूर्वजांनी घेतलेला आहे.

सत्तेबरोबर आलेल्या धर्माचेही नुकसान होतेच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. लोकांच्या अंतःकरणाची वाट लोकांच्या भाषेतून जाते, हे त्या विद्वानास उमगले होते. परंतु १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोंकणी भाषेचा वापर बंद पाडण्याचे फर्मान काढले. ज्या भाषेत भाविकांची प्रार्थना चालावयाची, तिच्यावरच सत्तेने घाव घातला.

माळव्यात ख्रिस्ती धर्म निराळ्या वाटेने आला. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली इंदुरास काम सुरू केले. १८८७ साली तेथे महाविद्यालय काढले. पुढे १८९५ च्या सुमारास डॉ. मार्गारेट ओहारा यांचे वैद्यकीय कार्य धारला सुरू झाले. इंदुरास होळकर, धारेस पवार, अमझेऱ्यास शिंदे: सारी दरबारे हिंदू व मराठी. इंग्रज रेसिडेन्सीची सावली मिशनच्या पाठीशी होती हे नाकारता येत नाही. तथापि देऊळ पाडण्याची वा कोणास बळे बाटविण्याची सत्ता मिशनपाशी नव्हती. तिच्याजवळ होती ती औषधाची पेटी आणि शाळेची पाटी. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. भुकेल्या मुलाने घेतलेल्या धर्माला खरी संमती म्हणावी काय, हा आक्षेप तेव्हाही होता व तो रास्त होता. पण त्या पोरक्या मुलांना अन्न द्यावयास आपण किती जण पुढे झालो, हा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त आहे.

सत्ता नाही आणि परदेशी पैशाचा आधारही नको, अशी श्रद्धा कशी असते याचे उदाहरण महाराष्ट्रात घडले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा झाला. घर दुभंगले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने त्यांनी तोच मार्ग धरला. ती सारी वेदना त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने सांगितली आहे. टिळकांनी धर्म बदलला, पण अभंग, कीर्तन व मराठी बाणा सोडला नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते निवर्तले.

आता कायद्याकडे वळू. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क बुडणार नाही असे ठरविले, तेव्हा आपल्या समाजात मोठा क्षोभ झाला. संविधानाने याहून व्यापक आश्रय दिला. पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. सव्विसाव्याने प्रत्येक संप्रदायास आपले धार्मिक व्यवहार चालविण्याचा हक्क दिला. या सव्विसाव्या अनुच्छेदाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयात कोण गेले होते? मुल्कीच्या वेंकटरमण देवस्थानाचे गौड सारस्वत! १९५७ सालच्या त्या निकालात न्यायालयाने ते देऊळ सांप्रदायिक असल्याचे मान्य केले. सर्व हिंदूंना प्रवेश देणारा कायदा श्रेष्ठ ठरविला. आणि काही विशिष्ट विधी संप्रदायापुरते राखून ठेवण्याची मुभा दिली. देवस्थानांचे विश्वस्त आजही या निकालाचा आधार घेतात.

मध्य प्रदेशाने १९६८ साली बळ, प्रलोभन वा फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतरास बंदी घातली. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला व प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. त्याच निकालात सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सर्वांना समान असल्याचे म्हटले आहे. २०२१ च्या नव्या कायद्याने धर्मांतरापूर्वी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन घातले. त्याची वैधता न्यायालयांपुढे आली आहे. बळजोरीला आळा हवा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु मनुष्याने स्वतःच्या विवेकाने केलेल्या निर्णयासाठी सरकारदरबारी आगाऊ वर्दी द्यावी काय, याचा विचार करताना वाचकांनी आपल्या पूर्वजांना त्या जागी ठेवून पाहावे. देव पालखीत घालून नदी ओलांडणाऱ्यांनी कोणत्या अधिकाऱ्यास साठ दिवस आधी कळविले असते?

गोव्यातील अन्यायाचा हिशेब अमझेऱ्यातील एखाद्या शेतमजुराकडून वसूल करता येणार नाही. तो रविवारी सकाळी आपल्या लहानशा प्रार्थनामंदिरात जातो, तेव्हा त्याच्या पाठीशी ना पोर्तुगालचा राजा असतो, ना इंग्रज रेसिडेंट. त्याच्या पाठीशी असतात ते संविधानाचे तेच दोन अनुच्छेद, ज्यांचा आश्रय मुल्कीच्या देवळाने मागितला. ते त्याच्यासाठी ढिले झाले, तर आपल्यासाठी घट्ट राहतील असे मानण्यास कायद्यात काही आधार आम्हांस सापडत नाही. आदिलशाही मुलखात ज्यांच्या देवांना ठाव मिळाला, त्यांच्या वंशजांनी तरी आपल्या शेजाऱ्याच्या प्रार्थनेकडे संशयाने पाहू नये, एवढीच आमची विनंती आहे.