अजिंक्यताऱ्याची वाट

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘काहीतरी ऐतिहासिक लिहा’ अशी आपल्या चिटणीसबाईंनी मला गळ घातली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन झाले ते मुलांच्या पुस्तकांतून आणि वाचनालयातून. पण रोज पहाटे ज्या वाटेने आपण अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो, तिच्याविषयी मनात पुष्कळ साठले आहे. तेच लिहिते.

माझे माहेर सांगलीचे. तिथे फिरायला जायचे म्हणजे पटवर्धन संस्थानिकांची आमराई. सपाट जमीन आणि गर्द सावली. लग्न होऊन साताऱ्यास आले, तर उशाशीच किल्ला! एकदा भीत भीत आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारले, “सकाळी किल्ल्यावर जाऊन येऊ का?” त्या म्हणाल्या, “किल्ल्यावर काय ठेवलंय तुझं?” पुन्हा विचारायला मला बारा वर्षे लागली.

वास्तविक या किल्ल्यावर बायकांचे पुष्कळ काही ठेवलेले आहे, हे मला नंतर वाचून कळले.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्यास वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू चार महिन्यांहून अधिक काळ झुंजले. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाकडे सुरुंग उडवले. एकात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि देवीच्या कृपेने म्हणा, जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या अंगास कोसळला आणि मोगलांचीच माणसे शेकड्यांनी चिरडली. परंतु मार्चमध्येच राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. शेवटी किल्ला द्यावा लागला. बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. पंचवीस वर्षांच्या विधवा ताराबाईंनी राज्याचा भार उचलला, किल्ला पुन्हा मराठ्यांकडे आला, आणि अजिंक्यतारा हे नाव त्यांच्याच काळातले असे सांगतात. १२ जानेवारी १७०८ रोजी याच किल्ल्यावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. नंतर त्यांनीच पायथ्याला शाहूनगर वसवले, तेच आपले सातारा.

इथवर शाळेच्या पुस्तकातही असते. मला थबकवते ती पुढची गोष्ट. ज्या ताराबाईंनी औरंगजेबाशी टक्कर दिली, त्यांनाच पुढे शाहू महाराजांच्या अमलात साताऱ्यास नजरकैदेत राहावे लागले. वर्षांमागून वर्षे! आपण पदर खोचून हसत खिदळत चढतो, त्या चढाने त्या पहाऱ्यात गेल्या असतील. आणि वयाच्या पंचाहत्तरीत, नोव्हेंबर १७५० मध्ये, त्यांनीच रामराजांना या किल्ल्यावर कैदेत टाकले! त्यांचे सगळेच वागणे मला पटते असे नाही, पण हिंमत मात्र कबूल करावी लागते.

खाली चारभिंती आहे. १८३० च्या सुमारास प्रतापसिंह महाराजांनी ती बांधली, दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातील स्त्रियांना बघता यावी म्हणून, असे सांगतात. नजरबंगला असेही तिला म्हणत. म्हणजे मिरवणुकीत चालायचे पुरुषांनी आणि आपण भिंतींच्या आतून बघायचे! आता तिथे १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. रंगो बापूजींचे नाव तिथे वाचले की मी पायातल्या चपला काढते.

हे सगळे मी एकदा आत्याबाईंना वाचून दाखवले. वाटले, आता तरी पटेल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “राण्यांचं तू सांगतेस. मी न्हाणवली नव्हते तेव्हापासून त्या डोंगराच्या कडेनं गवताचे भारे आणि जळणाच्या मोळ्या आणल्यात. तेव्हा कुणी नाही विचारलं काय ठेवलंय म्हणून.” मला काही बोलताच आले नाही. डोक्यावर भारा असला की वाट मोकळी, आणि हात रिकामे असले की प्रश्न! पुस्तकात राण्या सापडतात, भारेवाल्या सापडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला हाक मारून उठवले.

तेव्हापासून मी जाते. वर तलावाकाठी बसले की सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर दिसतात. गुडघेदुखी कमी झाली असे आपल्यातल्या पुष्कळजणी सांगतात. माझे म्हणाल तर दिवसभराच्या कटकटीला तोंड द्यायला बळ येते, एवढे खरे.

एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात कोणीतरी वाळल्या गवताला काडी लावते आणि एका रात्रीत सगळा उतार काळा होतो. पावसाळ्यात लावलेली रोपे तशीच जळून उभी असतात. सांगलीकडे सागरेश्वरचा डोंगर असाच उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी आणि त्यांच्या जोडीच्या माणसांनी ध्यास घेऊन तिथे झाडे वाढवली, आणि १९८५ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. सुमारे अकरा चौरस किलोमीटर रान, तेही हाताने लावलेले! आता तिथे हरणे, सांबरे आहेत. माहेरच्या जिल्ह्यात झाले ते सासरी का होऊ नये? यंदा पावसाळ्यात प्रत्येकीने एक रोप लावायचे आणि उन्हाळ्यात बाटलीभर पाणी वर न्यायचे असे आपले ठरले आहे. मी कडुनिंब लावणार आहे.

आत्याबाईंना आता चढ चढवत नाही. रविवारी मात्र आमच्याबरोबर रिक्षाने चारभिंतीपर्यंत येतात, कट्ट्यावर बसून राहतात आणि उतरताना आम्हाला मोजतात. गेल्या रविवारी म्हणाल्या, “गेलात तेव्हा अकरा होतात, आल्यात दहाच.” अकरावी मागे चपलेचा तुटलेला अंगठा धरून बसली होती. मी परत वर जाऊन तिला घेऊन आले.