लाओकोऑनचा उजवा हात : एका छापचित्राचा माग

१४ जानेवारी १५०६ रोजी रोममधल्या एस्क्विलिन टेकडीवर, फेलिचे दे फ्रेदिस नावाच्या गृहस्थाच्या द्राक्षमळ्यात, खणताना संगमरवरी मूर्तींचा एक मोठा समूह सापडला. पोप दुसरे ज्युलियस यांच्यापर्यंत वर्दी गेली. त्यांनी आपले वास्तुविशारद जुलियानो दा सांगाल्लो यांना पाहायला धाडले. सांगाल्लोंनी सोबत मायकेलअँजेलोला घेतले आणि आपल्या लहान मुलालाही. हाच मुलगा, फ्रान्चेस्को, पुढे शिल्पकार झाला आणि १५६७ मध्ये, म्हातारपणी, त्या दिवसाची आठवण त्याने एका पत्रात लिहून ठेवली. खड्ड्यात उतरताच वडील म्हणाले, हा तर प्लिनीने सांगितलेला लाओकोऑन! मग खड्डा रुंद करून मूर्ती बाहेर काढता येईल असे केले आणि मंडळी जेवायला परतली. मला या पत्रातले ते जेवण फार आवडते. जगाच्या कलेतिहासातला एवढा मोठा क्षण, पण भूक काही थांबत नाही.

वाचकहो, कथा आपणांस ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. लाओकोऑन हा ट्रॉय नगरीचा पुरोहित. ग्रीकांनी ठेवलेला लाकडी घोडा आत घेऊ नका, असे त्याने बजावले. तेव्हा समुद्रातून दोन प्रचंड सर्प आले आणि त्यांनी त्याला व त्याच्या दोन्ही मुलांना वेढून मारले. व्हर्जिलच्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात हे वर्णन आहे. फणा उभारून पार्श्वनाथांना छाया देणारा नाग पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याच्या डोळ्यांना हा डावीकडच्या कंबरेला डसणारा सर्प प्रथम फार परका वाटला, हेही सांगून टाकतो.

प्लिनीने इ. स. पहिल्या शतकात लिहिले, की हे शिल्प सम्राट टायटसच्या प्रासादात आहे. ऱ्होड्स बेटावरच्या अगेसांडर, पॉलिडोरस आणि अथेनोडोरस या तिघांनी ते एकाच पाषाणातून घडवले. एकाच पाषाणाची गोष्ट मायकेलअँजेलो आणि जोव्हान्नी क्रिस्तोफोरो रोमानो यांनी त्याच वर्षी खोडून काढली; बेमालूम सांधे त्यांना दिसले. तिघांची नावे मात्र खरी ठरली. १९५७ मध्ये स्पेर्लोंगा येथे टायबेरियस सम्राटाच्या गुहेत शिल्पांचे असंख्य तुकडे मिळाले, त्यांत एका लेखावर हीच तीन नावे आहेत.

आता मुद्द्याकडे येतो. मूर्ती सापडली तेव्हा पित्याचा उजवा हात खांद्यापासून नव्हता. धाकट्या मुलाचाही एक हात तुटला होता. पोपनी ती विकत घेऊन बेल्व्हेडेरे अंगणात ठेवली आणि लगेच वाद सुरू झाला, की गेलेला हात कसा असेल? मायकेलअँजेलोचे मत होते, की तो कोपरात दुमडून डोक्यामागे गेलेला असावा. इतरांना तो सरळ वर ताणलेला हवा होता. अखेर १५३२-३३ च्या सुमारास पोप सातवे क्लेमेंट यांच्या सांगण्यावरून मोन्तोर्सोली याने सरळ, उंच उभारलेला हात जोडला. पुढे दुरुस्त्या झाल्या, हात बदलला गेला, पण ताणलेलाच राहिला.

हा हात म्हणजे छापचित्रांचा माग काढणाऱ्याला मिळालेला आयता धागा आहे. रोमला जाणे कितीजणांना शक्य होते? युरोपाने लाओकोऑन पाहिला तो मुख्यतः कागदावर. मार्को देन्ते या रावेन्नाच्या कोरक्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पाहा. पित्याचा उजवा हात तिथे खांद्याशीच संपतो, मागे पडक्या भिंती, आणि खाली हे शिल्प रोममध्ये पोपच्या प्रासादात बेल्व्हेडेरे म्हणतात त्या जागी आहे, असा लॅटिन मजकूर. १५२७ मध्ये रोमची लूट झाली त्यात देन्ते मारला गेला, अशी परंपरागत समजूत आहे. म्हणजे हे चित्र मोन्तोर्सोलीच्या आधीचे. हात नसलेले चित्र जुन्या अवस्थेचे, ताणलेल्या हाताचे चित्र नंतरचे, असा ढोबळ नियम बांधता येतो. ढोबळ अशासाठी, की तांब्याचे पत्रे एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकले जात. नवा मालक जुने नाव घासून आपले कोरी आणि पन्नास वर्षांनीही त्याच पत्र्यावरून नव्या प्रती काढी. शिवाय जुन्या चित्रावरून कोणी नवी नक्कलही करी. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या जुनाट दुखण्यासारखेच हे. एका लक्षणावरून निदान करू नये.

मग दुसरी लक्षणे कोणती? पहिले, बाजू. मूळ मूर्तीत पित्याचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे येतो. कोरक्याने समोरचे चित्र जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले, तर छापताना ते उलटते आणि हात उजवीकडे जातो. नकलेची नक्कल केली की पुन्हा सुलटे. दुसरे, कागद. तो उजेडासमोर धरावा. जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेघा दिसतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू गुळगुळीत, रेघांविना कागद रूढ झाला. तिसरे, दाब. ताम्रपटावरचे चित्र ओलसर कागदावर रुळाच्या जोराने छापतात, त्यामुळे पत्र्याच्या कडांची खोलगट चौकट कागदात उमटते. लाकडी ठशाचे तसे नाही. त्यात रेघ उंच असते, म्हणून तो शिशाच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात बसतो आणि चित्र व मजकूर एकदम छापता येतात.

हे सगळे मला शिकावे लागले ते वडोदऱ्यातल्या एका जुन्या रुग्णामुळे. त्यांचे आजोबा कलाभवनात चित्रकला शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या संस्थेविषयी इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आजोबांच्या ट्रंकेत लाओकोऑनचे एक चित्र निघाले, जुन्या चौकटीत बसवलेले. एका व्यापाऱ्याने ते सोळाव्या शतकातले इटालियन असल्याचे सांगून, विकून देण्यासाठी आधी तपासणीची रक्कम मागितली होती. घरात नातीच्या शिक्षणाचा खर्च उभा होता, त्यामुळे सगळे घर त्या कागदाकडे डोळे लावून बसलेले. पैसे देण्यापूर्वी ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही जुनी पुस्तके वाचता, जरा बघा ना."

चौकटीमागच्या चार चुका काढल्या आणि निम्मे उत्तर मिळाले. कागदाच्या पाठीला दोन रकान्यांत इंग्रजी मजकूर होता. दाबाची चौकट नाही, तारांच्या रेघा नाहीत, पित्याचा हात ताणलेला. म्हणजे हा लाकडी ठसा, एखाद्या नियतकालिकातून कापलेला. पानाचा माथा कात्रीत गेला होता, म्हणून नाव कळेना. संगणकावर परदेशी ग्रंथालयांचे जुने अंक चाळत तीन आठवडे रात्री घालवल्या, तेव्हा रेघेला रेघ जुळली. ते पान लंडनच्या 'पेनी मॅगझिन'चे होते.

हे मासिक म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. 'उपयुक्त ज्ञानप्रसारक मंडळी'साठी चार्ल्स नाइट याने मार्च १८३२ अखेर ते सुरू केले. नावात मॅगझिन असले तरी ते साप्ताहिक होते, किंमत एक पेनी. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले होते. नाइटच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या वर्षअखेर अंकाचा खप दोन लाखांवर गेला. कोळसा, पूल, जिराफ यांच्या शेजारी तो प्राचीन मूर्तींची चित्रे छापी, कारण कामगारालाही लाओकोऑन पाहण्याचा हक्क आहे, असे त्याला वाटे. ठशांवरून धातूचे साचे पाडून त्याने ते परदेशी नियतकालिकांनाही विकले. एका पोपच्या अंगणातली मूर्ती अशी पेनीला मिळू लागली. माझ्या लेखी या कथेतली सर्वांत थोर गोष्ट हीच, देन्तेच्या कलेपेक्षाही थोर. बाजारात अशा पानाला फारशी किंमत नाही, हे मी रुग्णाला स्पष्ट सांगितले. व्यापाऱ्याला द्यायचे पैसे वाचले. नातीची फी त्यांनी ठेव मोडून भरली.

कागदावरच्या लाओकोऑनने मोठमोठ्यांना लिहिते केले. लेसिंगने १७६६ मध्ये याच नावाचा ग्रंथ लिहून काव्य आणि चित्र यांच्या सीमा ठरवल्या. तेव्हा तो रोमला गेलेलाच नव्हता, इटली त्याने १७७५ मध्ये पाहिली. गटेला तरुणपणी मानहाइमच्या संग्रहात प्लास्टरची प्रतिकृती भेटली. विल्यम ब्लेकने लंडनच्या रॉयल अकादमीतल्या प्रतिकृतीवरून एका ज्ञानकोशासाठी चित्र काढले, आणि आयुष्याच्या शेवटी तेच शिल्प पुन्हा कोरून त्याभोवती आपल्या विचारांची वाक्ये उभी-आडवी कोरून भरली. सगळ्यांसमोर होता तो ताणलेला हात. वेदनेतही आकाशाला आव्हान देणारा वीर, ही जी प्रतिमा रूढ झाली, तिच्यात या जोडलेल्या हाताचा वाटा किती, हे कोणी तरी सविस्तर मांडायला हवे.

एक वेगळे चित्र वैद्यकाच्या माणसाला चुकवून चालणार नाही. टिशियनच्या आरेखनावरून बोल्द्रिनीने कोरलेल्या लाकडी ठशात पिता व पुत्रांच्या जागी तीन माकडे आहेत! १९४६ मध्ये जॅन्सन या कलेतिहासकाराने सुचवले, की हा गॅलेनवाद्यांना टोमणा असावा. गॅलेनचे शरीरशास्त्र माकडांच्या विच्छेदनावर उभे होते, हे व्हेसेलियसने १५४३ च्या ग्रंथात दाखवून दिले होते. म्हणजे गॅलेन खरा मानायचा, तर प्राचीन माणसे अशी दिसली पाहिजेत. कल्पना मोहक आहे, पण मला ती जरा जास्त हुशार वाटते. प्राचीनांची माकडासारखी नक्कल करणाऱ्या शिल्पकारांची थट्टा, हा साधा अर्थ पुरेसा आहे. द्युशेनचा आक्षेप मात्र निखळ वैद्यकीय आहे. १८६२ मध्ये त्याने विजेच्या प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू चेतवून दाखवले, की दुःखात भुवया अशा वर चढतात तेव्हा आडव्या वळ्या कपाळाच्या मध्यापुरत्याच पडतात. लाओकोऑनच्या त्या कपाळभर आहेत. डार्विनने १८७२ मध्ये हे मान्य केले, पण शिल्पकारांनी सौंदर्यासाठी जाणूनबुजून सत्य सोडले असावे, अशी त्यांची बाजूही घेतली. आपण स्वतः आरशासमोर करून पाहावे.

मूर्ती १७९८ मध्ये नेपोलियनच्या सैन्यामुळे पॅरिसला गेली आणि त्याच्या पराभवानंतर परत आली. हात मात्र सापडायचा होता. लुडविग पोलाक हा प्राग शहरात १८६८ मध्ये जन्मलेला ज्यू पुरातत्त्वज्ञ रोममध्ये प्राचीन वस्तूंचा व्यवहार करी. विसाव्या शतकाच्या आरंभी एका पाथरवटाच्या आवारात त्याला संगमरवरी हाताचा तुकडा दिसला, कोपरात दुमडलेला, सर्पाच्या वेढ्याची खूण असलेला. त्याने ओळखले आणि तो व्हॅटिकनला देऊन टाकला. संग्रहालयाने जवळजवळ पन्नास वर्षे तो जोडला नाही. १९५७ नंतर फिलिप्पो माजी यांच्या देखरेखीखाली ताणलेला हात काढून पोलाकचा दुमडलेला हात बसवला गेला. मायकेलअँजेलोचा अंदाज साडेचारशे वर्षांनी खरा ठरला. पोलाक ते पाहायला नव्हता. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनांनी रोममधल्या ज्यूंची धरपकड केली, तीत पंचाहत्तर वर्षांच्या पोलाकला पत्नी व मुलांसह पकडून आउशवित्झला पाठवले. त्यांतले कोणीही परतले नाही.